खोत, धाकटी आणि आमच्या आई

आमच्या सासूबाई रडताना दिसल्या की घरातलं माणूस आधी त्यांच्या मांडीकडे बघायचं. मांडीवर पुस्तक असलं तर काळजी नाही, आपण आपल्या कामाला लागायचं. थोड्या वेळाने त्या पदराने डोळे टिपणार, नाक ओढणार आणि "चहा घेणार का गं?" असं अगदी कोरड्या आवाजात विचारणार, हे ठरलेलं. मांडी रिकामी असेल तर मात्र जवळ जाऊन बसायचं. तशा रिकाम्या मांडीने रडलेल्या त्या मला फारशा आठवत नाहीत.

मला हा नियम कुणी सांगितलेला नव्हता. लग्न होऊन मी गिरगावातून काळाचौकीला आले त्याला जेमतेम आठवडा झाला असेल. चाळीतल्या दोन खोल्या, बाहेर लांबलचक गॅलरी, समोरच्या बिऱ्हाडातल्या साटमकाकींचं दार सदा उघडं. सकाळी मी ओट्याशी गेले तर आई पोळपाटावर वाकून हुंदके देत होत्या. त्यांना आम्ही सगळेच आई म्हणायचो, म्हणून इथेही आईच म्हणते. मी घाबरून विचारलं, "काय झालं आई?"

"धाकटीला घराबाहेर काढली गं," त्या म्हणाल्या. "एवढ्या थंडीत. अंगावरच्या शालीनिशी. आणि बाप खिडकीत उभा राहून बघतोय!"

मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले. माझे यजमान सुधीर दाढी करत होते. "तुम्हाला धाकटी बहीण आहे हे मला कुणीच सांगितलं नाही," मी म्हटलं. आवाज रडवेला झाला होता. त्यांना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा ते इतके हसले की हनुवटीला पातं लागलं. पुस्तक पिठाच्या डब्यावर उघडं पडलेलं होतं. मे महिना होता, मुंबईतला. निदान त्या थंडीवरून तरी मला कळायला हवं होतं.

ही धाकटी ज्या कादंबरीतली, ती आईंची सगळ्यात लाडकी. कुठल्याशा बर्फाळ देशातली, फार जुनी, कुणीतरी मराठीत आणलेली जाडजूड कादंबरी. चिंचपोकळीच्या रद्दीवाल्याकडे मिळाली तेव्हाच तिचं मुखपृष्ठ आणि सुरुवातीची काही पानं गेलेली होती. त्यामुळे तिचं नाव काय, लिहिली कुणी, हे आईंना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी शोधही घेतला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "असेल कुणीतरी. माणसं नीट बघितलेला माणूस होता एवढं नक्की."

त्या कादंबरीत प्रत्येक माणसाला तीन-तीन नावं, वर लाडाचं चौथं. आईंनी त्यावर उपाय शोधला होता. त्या सगळ्यांची नावं बदलून टाकत. त्या गोष्टीतल्या तापट जमीनदाराला त्यांनी खोत केलं होतं. त्याच्या दोन मुली म्हणजे थोरली आणि धाकटी. धाकटीचा जीव ज्याच्यावर जडला तो सैन्यातला गरीब अधिकारी म्हणजे मिलिट्रीवाला. घरातली म्हातारी दाई भागीरथी झाली होती. ज्यात सारखा चहा उकळत असे ते भांडं त्यांच्या डोळ्यांपुढे पितळी बंबासारखं दिसे. "नावं कशाला लक्षात ठेवायची?" त्या म्हणत. "माणसं लक्षात राहिली म्हणजे झालं." त्यामुळे आमच्या घरात ती सगळी बर्फाळ मंडळी वेंगुर्ल्याच्या बाजूला कुठेतरी राहत असल्यासारखी वावरत.

आई मूळच्या कुडाळजवळच्या एका खेड्यातल्या. शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं. ते संपवल्यावर त्यांनी ते पुन्हा पहिल्या पुस्तकापासून वाचायला घेतलं, आणि तसं करता करता लग्न झालं. मुंबईत आल्यावर खालच्या गल्लीत मंडळाचं छोटं वाचनालय मिळालं. गणपतीच्या दिवसांत तिथे मखराचं सामान भरलेलं असे, एरवी पुस्तकं. आई तिथल्या सगळ्यात जुन्या कपाटाच्या गिऱ्हाईक. वाचनालयातले गृहस्थ कधी नवी कोरी कादंबरी पुढे करत, "काकी, ही बघा, सगळे मागतायत." आई ती घेऊन येत, चार पानं वाचत आणि दुसऱ्या दिवशी परत करत.

"नव्या पुस्तकातली माणसं फार घाईत असतात," त्या मला सांगत. "जुन्या कादंबरीत माणूस फाटकातून आत येऊन खुर्चीत बसेपर्यंत दोन पानं जातात. तेवढ्यात माझी डाळ शिजते."

हे त्या गमतीने म्हणत नव्हत्या. त्यांचा स्वयंपाक खरोखरच प्रकरणांच्या मापाने चाले. एखादं प्रकरण रंगलं की भाजी लागायची. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे. सुधीर नुसतं ताटाकडे बघून विचारत, "कोण गेलं?" आणि आई वाढता वाढता सांगत, "गेलं कुणी नाही रे, पण पत्र चुकीच्या माणसाच्या हाती पडलं."

मासळीच्या दिवशी मात्र पंचाईत व्हायची. कोळंबीच्या हाताने त्या पुस्तकाला कधी शिवल्या नाहीत. मग पुस्तक ओट्याच्या कोपऱ्यात डब्याला टेकवून उभं करायचं आणि मी बाजूला उभं राहायचं. त्या कोळंबी सोलत वाचत आणि पानाच्या तळाशी आल्या की म्हणत, "उलट गं." मी उलटत असे. सुरुवातीला मी खिडकीबाहेर बघत उभी राहायची. नुसतं उभं राहून कंटाळा यायला लागला तशी पानाकडे बघू लागले. मग त्या "उलट" म्हणायच्या आणि मी म्हणायची, "थांबा आई, माझं व्हायचंय." त्या थांबत. हातात सोललेली कोळंबी धरून, वर बघत, मुकाट्याने. मी दादरच्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते, कागद वाचण्यातच माझा दिवस जातो. पण आपल्यासाठी कुणीतरी पानावर थांबून राहतं, ते सुख मला त्या ओट्याशीच मिळालं.

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. तिथल्या खडखडाटात बोललेलं ऐकूच येत नसल्याने माणसं हातवारे करून बोलायची. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरीही पाणी हवं असलं तर ते अंगठा ओठांकडे नेत. गिरणी बंद झाल्यावर वरळीला एका ऑफिसात ते पहारेकरी झाले. तिथेही बोलायचं काम नव्हतं. आई आणि ते एकमेकांशी मालवणीत बोलत, तेही मोजकंच. एकदा आई पुस्तक मिटून रडत बसल्या असताना त्यांनी विचारलेलं मी ऐकलं आहे, "खोट्या माणसांसाठी कित्याक रडतंस गे?"

"खरी माणसा सुखान रडूक खंय देतत?" आई म्हणाल्या. "तेंका आधी चाय लागता."

आणि उठून त्यांनी खरोखरच बाबांसाठी चहा टाकला.

बाबा निवृत्त होऊन घरी बसले त्यानंतरची गोष्ट. एका सकाळी ते खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर हातातून घसरला. तो उचलायला ते वाकले नाहीत. आईंनी आतून हाक मारली, उत्तर आलं नाही. बाहेर येऊन बघतात तर ते पेपरकडे बघत बसले होते आणि तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. शेजारच्या मुलांनी खुर्चीसकट त्यांना खाली उतरवलं, टॅक्सीत घातलं. परळच्या हॉस्पिटलात ते बरेच दिवस होते. उजवी बाजू लुळी पडली होती. पण घरच्यांचा जीव कासावीस झाला तो त्यांची वाचा गेली म्हणून. सगळे शब्द गेले, एक तेवढा उरला. होय.

"चहा हवा?" होय. "नको?" होय. "दुखतंय का कुठे?" होय. त्यांना म्हणायचं काहीतरी वेगळंच असे, ते त्यांच्या डोळ्यांत दिसे, पण तोंडातून तेवढंच बाहेर येई. आपलाच आवाज ऐकून ते चिडत आणि मग रडत. त्यांच्या गिरणीतले दोस्त भेटायला यायचे. ते कान गेल्यासारखे मोठ्याने ओरडून बोलायचे आणि निघताना आम्हाला सांगायचे, "बोलत राहा त्यांच्याशी." वाचा सुधारण्याचे व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी घरी येऊ लागली. तिनेही तेच सांगितलं. "आजी, तुम्ही त्यांच्याशी भरपूर बोला. शब्द सतत कानावर पडले पाहिजेत."

ती गेल्यावर आई माझ्याजवळ ओट्याशी आल्या. "अगं, आम्ही उभ्या जन्मात कधी एकमेकांशी सलग बोललेलो नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मीठ कमी आहे, छत्री घ्या, भाऊजींचं पत्र आलंय, संपलं. आता एकदम भरपूर कुठून आणू?"

त्या दिवशी त्यांची मांडी रिकामी होती. मी जवळ गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फडताळातून ती मुखपृष्ठ नसलेली कादंबरी काढली आणि बाबांच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसल्या. मी त्या दिवसांत रजेवर होते म्हणून हे बघायला मिळालं. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नावं अर्थातच त्यांची स्वतःची. बाबा पहिले काही दिवस सरळ झोपून जात. आई तरीही वाचत राहत. मी म्हटलं, "आई, झोपलेत ते." "झोपू दे की," त्या म्हणाल्या. "कानावर पडल्याशी कारण."

मग एका दुपारी खोताने धाकटीला घराबाहेर काढलं. नेमकं तेव्हाच दूध उतू जायला लागलं म्हणून आई पुस्तक पालथं ठेवून आत गेल्या. बाहेरून ठकठक आवाज येऊ लागला. बाबा डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर मारत होते. आम्ही दोघी धावलो, पाणी पुढे केलं, उशी नीट केली. ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी गिरणीतल्या सवयीने हात केला. बोटांनी हवेत पान उलटलं.

त्या दिवसापासून बाबा झोपेनात. आणि लवकरच आईंच्या लक्षात आलं की ते खोताच्या बाजूने आहेत. धाकटीबद्दल त्यांना माया होती, पण बापाचं ऐकायला हवं होतं, असं त्यांचं मत. हे त्यांनी एका शब्दात कसं सांगितलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण सांगितलं. आई पुस्तक मांडीवर आपटून म्हणत, "काय होय? पोरीक भायर काढल्यान, आणि तुमी तेचीच बाजू घेतास?"

"होय!" बाबा उखडून म्हणत.

"तेका काळीज आसा काय?"

"होय." हा होय खालच्या सुरातला, लांबवलेला. म्हणजे आहे, तुला दिसत नाही.

समोरच्या साटमकाकींचा गुडघा धरलेला असायचा, त्या फारशा बाहेर पडत नसत. दुपारी दारात पाट टाकून तांदूळ निवडत बसायच्या. दोन्ही दारं उघडी, मधे हातभर गॅलरी. हळूहळू त्यांचे तांदूळ संपेनासे झाले. बाबांचा होय ऐकला की त्या पलीकडून म्हणत, "बरोबर बोलतत ते. बापाचा पण काय चुकला नाय."

"तू गप ग," आई म्हणत आणि पुढे वाचत.

ती व्यायाम शिकवणारी मुलगी चित्रांचे पत्ते घेऊन यायची. कप, कंगवा, छत्री. बाबा प्रत्येकाला होय म्हणत. एके दिवशी तिने एका पांढऱ्या मिशीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र पुढे धरलं. उत्तर अपेक्षित होतं 'आजोबा'. बाबांनी चित्र नीट बघितलं. ओठांची बरीच ओढाताण झाली. आणि ते स्पष्ट म्हणाले, "खोत."

ती बिचारी गोंधळली. "खोत कोण? तुमचे नातेवाईक आहेत का?" तिने आम्हाला विचारलं. आई उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या बाबांचा हात धरून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साटमकाकींनी पलीकडून ऐकलं होतं. त्यांनी अख्ख्या मजल्याला ओरडून सांगितलं, "बोलले गो! बोलले!"

खोताच्या मागून इतर शब्द एकेक करून परत आले. काही आलेच नाहीत. काठी टेकत बाबा गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. ती कादंबरी आईंनी त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवली. शेवटी धाकटी छातीच्या दुखण्याने जाते. खोत तिला घरी न्यायला निघतो, पण तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईंनी दोनदा ताट पुढे केलं आणि मग स्वतःही जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ठकठक सुरू झाली आणि आई वाचनालयातून दुसरी जुनी कादंबरी घेऊन आल्या. त्यानंतरची काही वर्षं आमच्या घरातल्या दुपारी अशाच गेल्या. आई वाचत, बाबा भांडत, साटमकाकी मधे बोलत. मी संध्याकाळी शाळेतून आले की दोघं मला वेगवेगळी गोष्ट सांगत, पुस्तक एकच असूनही. चाळीत नव्याने आलेल्या एका बाईंना वाटलं होतं की या घरात रोज दुपारी भांडणं होतात. आईंना हे कळलं तेव्हा त्या फार खूश झाल्या.

मग आईंचंच दुखणं निघालं. पोटात दुखतं म्हणून त्या बरेच दिवस ओवा खात राहिल्या. कुणाला सांगितलं नाही. तपासण्या झाल्या तेव्हा आजार फार पुढे गेलेला होता. डॉक्टरांनी मला आणि सुधीरना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्रास कमी होईल तेवढं बघू. आम्ही बाहेर आलो तेव्हा आई बाकावर बसून समोरच्या बाईच्या हातातलं मासिक उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करत होत्या. आमची तोंडं बघून म्हणाल्या, "कळलं मला. घरी चला. तुमचे बाबा एकटे आहेत."

घरी त्यांना बाबांच्याच पलंगावर झोपवलं आणि बाबा खुर्चीत बसू लागले. जाड पुस्तक आता त्यांच्या हातात पेलेना. ते छातीवर ठेवलं तर त्या म्हणत, "काढ गं, दम लागतो." मी संध्याकाळी वाचून दाखवू लागले, पण तोवर त्या थकलेल्या असत. माझा आवाज चालू असतानाच त्यांचा डोळा लागायचा.

एका शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. मी दुपारीच घरी आले. जिना चढून गॅलरीत वळले आणि थबकले. घरातून पुरुषाचा आवाज येत होता. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं अक्षर, मग पुन्हा पहिल्यापासून. साटमकाकी दारात बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला तिथेच थांबवलं.

बाबा वाचत होते. कादंबरी पलंगाच्या कडेवर ठेवलेली, डाव्या हाताचं बोट ओळीखाली. आयुष्यात पेपरापलीकडे त्यांनी काही वाचलेलं नव्हतं आणि आजारानंतर तर पेपरही नुसता बघत. एका वाक्याला इतका वेळ लागत होता की सुरुवातीचे शब्द विसरून जावेत. ती लांबलचक परकी नावं आली की ते अडत, नावाकडे रागाने बघत आणि मग म्हणत, "खोत." किंवा, "धाकटी." आणि पुढे सरकत. आईंचे डोळे मिटलेले होते. बाबा एखाद्या शब्दावर फारच अडकले तर त्या डोळे न उघडता तो शब्द सांगत. पुस्तक त्यांना पाठच होतं.

बाबांनी एकदा कपाळावर हात मारून घेतला. शब्द निघतच नव्हता. आई म्हणाल्या, "सावकाश. जुना पुस्तक आसा ता. थांबता."

मी बाहेरच बसून राहिले, साटमकाकींच्या पाटाला टेकून.

त्यानंतर ते रोज वाचत. संध्याकाळी मी आईंचं अंग पुसून काढायची तेव्हा त्या मला आज कुठवर आलं ते सांगत. मला एकच धास्ती होती. कादंबरीत पुढे धाकटी आजारी पडते, अंथरुणाला खिळते, आणि मग ते शेवटचं प्रकरण. ते बाबांनी आईंच्या पलंगाशी बसून वाचायचं हे मला सहन होईना. मी एकदा म्हटलंच, "आई, दुसरं एखादं पुस्तक घेऊ या का? यात पुढे..."

"पुढचं मला ठाऊक आहे," आई म्हणाल्या. "त्यांनाही ठाऊक आहे. तू नको काळजी करू. त्यांचं ते बघतील."

बाबांनी बघितलं. कादंबरीच्या मध्यावर धाकटीचं आणि मिलिट्रीवाल्याचं लग्न होतं. एका लहानशा गावात, चार माणसांत, बर्फ पडत असताना. भागीरथी खोताला न सांगता चालत येते आणि पदराखालून तिने आणलेलं खाऊचं पुडकं काढते. बाबा त्या प्रकरणापर्यंत आले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज काय वाचलं?" आई म्हणाल्या, "लग्न." तिसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही लग्न. मला वाटलं, हळू वाचतात, राहिलं असेल. त्याच्या पुढच्या दिवशी आईंनीच सांगितलं, "आजही लग्नच गं. संपलं की मागची पानं उलटतात आणि पुन्हा वऱ्हाड निघतं."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणू?" त्या हसल्या. तोपर्यंत त्यांना हसतानाही कळ यायची. "छान वाचतात आता ते प्रकरण. जवळजवळ अडखळत नाहीत. तू ऐकायला हवंस."

मग मी ऐकलं. पुढचा आठवडा रजा घेऊन मी घरीच राहिले. खरोखरच ते प्रकरण त्यांच्या तोंडात बसलं होतं. बर्फ, घंटा, वऱ्हाड, भागीरथीचं पुडकं. तिथे आलं की आईंचा हात पांघरुणावर किंचित हलायचा आणि बाबा मुद्दाम थांबायचे. मग दोघांत जे काही बोलणं व्हायचं ते मला ऐकू येत नसे. मी आत पेज ढवळत असायची.

आई एका सकाळी गेल्या, उजाडल्यावर, चहाचं आधण चढवलेलं असताना. मी त्यांच्या ओठांवर चमच्याने पाणी सोडत होते आणि ते एका बाजूने बाहेर आलं. बाबांना काही सांगावं लागलं नाही. ते खुर्चीतून उठले, काठी न घेता, आणि पलंगाची कड धरून उभे राहिले.

नंतरचे दिवस माणसांच्या गर्दीत गेले. गर्दी ओसरल्यावर बाबा पुन्हा मुके झाल्यासारखे झाले. शब्द होते, पण ते वापरत नव्हते. अंगठा ओठांकडे नेला की पाणी द्यायचं. कादंबरी फडताळात ठेवलेली होती. मी एकदा ती काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हाताने ती बाजूला सारली. मी पुन्हा विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी साटमकाकी भिंतीला धरून धरून आमच्या दारात आल्या. हातात झाकलेलं ताट होतं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. ताट माझ्या हातात देऊन त्या उंबऱ्यावरच टेकल्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, एक इचारू? रागावू नकात."

बाबांनी मान हलवली.

"त्या धाकट्येचा फुडे काय झाला हो? पयल्यांदा वाचला तेव्हा शेवटाक मी गावाक गेलेलंय. आता वैनीक इचारीन म्हणा होतंय, तर..." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माका रोज वाटता, लगीन तर झाला. मगे?"

मी आत ओट्याशी भेंडी चिरत होते. मी सुरी खाली ठेवली. मी बाहेर जाणार, काहीतरी बोलून विषय बदलणार, तेवढ्यात बाबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"ताप इलो," ते म्हणाले.

"कोणाक? धाकट्येक?"

"होय. मोठो... ताप. छाती..." शब्द सापडेना, त्यांनी डाव्या हाताने छाती दाखवली. काकी "अरे देवा" म्हणाल्या. बाबा पुढचा शब्द जुळवत राहिले. ओठ हलत होते. मी भिंतीला टेकून उभी होते.

"मगे," ते म्हणाले, "उतारलो."

"उतारलो? खरा?"

"उतारलो. ती... मरूक नाय. बरी झाली."

काकींनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "आणि खोत? तेचा काय?"

"खोत इलो," बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा मोकळा झाला होता. "बर्फातून. गाडी घेवन. तिका... घराक घेवन गेलो."

"बघ! मी म्हणा होतंय ना, तेका काळीज आसा म्हणान!" काकींनी माझ्याकडे बघितलं. "तू वाचलंस ना गे? असाच आसा मां?"

मी ओट्यापासून बाहेर आले. बाबा माझ्याकडे बघत होते.

"असंच आहे काकी," मी म्हटलं. "अगदी असंच."

काकींनी दुखरा पाय लांब करून भिंतीला पाठ टेकली. "मगे?" त्या म्हणाल्या. "घराक गेल्यार काय झाला?"

तिथून पुढे पुस्तकात काही नव्हतं. बाबा घोटभर पाणी प्याले, पेला खाली ठेवला आणि सांगायला लागले.